संरोध : एका संज्ञेचा तारेपासून अवकाशापर्यंतचा प्रवास

१

विद्युत्-अभियांत्रिकीचा विद्यार्थी विद्युत्-चुंबकीय क्षेत्रांच्या अभ्यासास लागला म्हणजे तरंगाचे जे पहिले रूप त्याच्यासमोर मांडले जाते ते प्रतल-तरंगाचे. विद्युत्-क्षेत्र एका दिशेस, चुंबकीय क्षेत्र तिच्याशी काटकोनात, आणि तरंगाची गती या दोहोंशी काटकोनात. गतीच्या दिशेस लंब असलेल्या कोणत्याही एका प्रतलावर क्षेत्राचे मूल्य सर्वत्र सारखे. मॅक्सवेलच्या समीकरणांचे याहून सोपे तरंगरूप उत्तर नाही. यानंतर लगेच विद्यार्थ्यास सांगण्यात येते की, निर्वात अवकाशात या दोन क्षेत्रांच्या मूल्यांचे गुणोत्तर ठराविक असते आणि ते सुमारे ३७७ ओहम भरते.

परीक्षेच्या दृष्टीने ही संख्या पाठ करणे पुरेसे असते. परंतु शब्दांच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यास येथे थबकावे लागते. ओहम हे तारेच्या रोधाचे परिमाण होय. तार आहे, तिच्यातून प्रवाह वाहत आहे, आणि तार त्या प्रवाहास अडवीत आहे, अशा प्रसंगी ओहमची भाषा शोभते. जेथे तार नाही, प्रवाह वाहून नेणारा पदार्थ नाही, आणि अडविणारेही काही नाही, त्या रिकाम्या अवकाशास ३७७ ओहमचा ‘इंपीडन्स’ आहे असे म्हणणे ही केवळ आलंकारिक भाषा समजावी, की तिच्यामागे काही वस्तुस्थिती आहे?

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा घ्यावयाचा आहे. प्रतल-तरंगाचे गणित १८६५ मध्येच प्रसिद्ध झाले होते. त्या तरंगास तारेची भाषा लावून अभियंत्याच्या हाती देण्याचे कार्य मात्र १९३८ च्या सुमारास पुरे झाले. मधल्या सुमारे सात दशकांत निसर्गाचा कोणताही नवा मूलभूत नियम या विषयापुरता आवश्यक नव्हता. आवश्यक होती ती संज्ञा, तिला सामावून घेणारी लेखनपद्धती, आणि तिला अर्थ देणारी एकक-पद्धती. समीकरणे हाच काय तो विचार आणि संज्ञा म्हणजे त्यावरील पोशाख, अशी समजूत विज्ञानाच्या अभ्यासकांत आढळते. या विषयाचा इतिहास त्या समजुतीच्या विरुद्ध साक्ष देतो, असे माझे म्हणणे आहे.

‘इंपीडन्स’ या शब्दासाठी या लेखात ‘संरोध’ ही संज्ञा वापरली आहे. ‘रेझिस्टन्स’ तो रोध. आणि रोध, प्रवर्तकता व धारणा या तिहींमुळे मिळून प्रवाहास होणारी एकूण अडवणूक तो संरोध. ‘सम्’ या उपसर्गाचा एकत्रतेचा अर्थ येथे नेमका उपयोगी पडतो.

२

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास विजेविषयीच्या विचाराच्या दोन धारा परस्परांपासून बऱ्याच दूर वाहत होत्या. त्यांपैकी एक क्षेत्राची आणि दुसरी तारेची.

क्षेत्राची धारा मायकेल फॅराडेपासून निघते. १८३१ मध्ये विद्युत्-चुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावणाऱ्या या संशोधकास उच्च गणित अवगत नव्हते. चुंबकाभोवतालच्या अवकाशात बलरेषा पसरलेल्या आहेत आणि क्रिया घडते ती या रेषांच्या द्वारे, अशी त्याची कल्पना होती. १८४५ मध्ये चुंबकाच्या प्रभावाखाली काचेतून जाणाऱ्या प्रकाशाचे ध्रुवण-प्रतल फिरते असे त्यास आढळले, आणि पुढच्याच वर्षी दिलेल्या एका व्याख्यानात प्रकाश म्हणजे या बलरेषांचे कंपन असावे असा तर्क त्याने पुढे ठेवला. त्यामागे प्रयोगांतून आलेली अंतर्दृष्टी होती, परंतु गणित नव्हते.

ते गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेलने दिले. १८६१-६२ च्या लेखमालेत त्याने विस्थापन-प्रवाहाची कल्पना मांडली. वेबर आणि कोलराउश यांनी १८५६ मध्ये केवळ विद्युत्-मापनांवरून काढलेल्या एका गुणोत्तरावरून त्याने आपल्या माध्यमातील तरंगाचा वेग काढला, तो सेकंदास १,९३,०८८ मैल आला. फिझोने १८४९ मध्ये प्रत्यक्ष मोजलेला प्रकाशाचा वेग, मॅक्सवेलने घेतलेल्या आकड्यानुसार, सेकंदास १,९५,६४७ मैल होता. दोन संख्यांमधील हे साम्य योगायोगाने येणारे नव्हते. डिसेंबर १८६४ मध्ये रॉयल सोसायटीपुढे वाचलेल्या व १८६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रबंधात त्याने हा सिद्धांत यांत्रिक प्रतिकृतीच्या आधाराविना, वीस राशींमधील वीस समीकरणांच्या रूपाने मांडला, आणि प्रतल-तरंग गृहीत धरून क्षोभ गतीच्या दिशेशी काटकोनातच असतो हे दाखविले.

येथे मॅक्सवेलने प्रतल-तरंगास कोणता प्रश्न विचारला, हे ध्यानात घेतले पाहिजे. त्याचा प्रश्न होता वेगाचा आणि कंपनाच्या दिशेचा. प्रकाश हा विद्युत्-चुंबकीय तरंग आहे हे सिद्ध करण्यास तेवढेच हवे होते. दोन क्षेत्रांच्या मूल्यांचे गुणोत्तर त्या समीकरणांत गर्भित होते. पण त्यास नाव द्यावे, त्याची स्वतंत्र राशी म्हणून गणना करावी, असे प्रयोजन उपस्थित झाले नव्हते.

तारेची धारा याहून वेगळ्या गरजेतून निघाली. समुद्राखालून संदेश पाठविताना दुसऱ्या टोकास ठिपके आणि रेघा एकमेकांत मिसळून पसरट होत. विल्यम टॉमसनने, म्हणजे पुढील काळातील लॉर्ड केल्व्हिनने, १८५५ मध्ये याची मीमांसा केली. त्याने तारेचा रोध आणि धारणा या दोनच राशी विचारात घेतल्या. त्यामुळे त्याचे समीकरण लोखंडाच्या कांबीतून उष्णता पसरण्याच्या समीकरणासारखे झाले. त्यावरून संदेशाचा विलंब लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो असा नियम निघाला. १८५८ ची अटलांटिक तार काही आठवड्यांतच निकामी झाली. १८६६ ची यशस्वी ठरली. आणि १८७० मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजाने मुंबई ते एडन तार टाकल्यावर मुंबई याच जाळ्यात आली. या सर्व मंदगती तारांसाठी टॉमसनचे समीकरण पुरेसे होते. पण त्यात तरंग नव्हता. वीज तारेत शिरते आणि हळूहळू झिरपत पुढे जाते, अशी त्याची भाषा होती.

अशा प्रकारे एका धारेत तरंग होता पण तार नव्हती. दुसरीत तार होती पण तरंग नव्हता.

३

या दोन धारा ज्याच्या लेखनात प्रथम एकत्र आल्या तो ऑलिव्हर हेविसाइड विद्यापीठाची पायरी चढलेला नव्हता. १८५० मध्ये लंडनमधील कॅम्डन टाउन भागात गरीब घरात त्याचा जन्म झाला. बालपणीच्या आजाराने त्याची श्रवणशक्ती मंद झाली होती. तारायंत्राच्या क्षेत्रातील नामवंत चार्ल्स व्हीटस्टन हा नात्याने त्याच्या मावशीचा नवरा. डेन्मार्कमध्ये व न्यूकॅसल येथे तारखात्यातील काम करून १८७४ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्याने नोकरी सोडली आणि पुन्हा कधी धरली नाही. मॅक्सवेलचा १८७३ चा ग्रंथ स्वतःच्या बळावर समजून घेणे हे त्याने आपले जीवितकार्य मानले.

१८७६ मध्ये त्याने तारेच्या समीकरणात स्व-प्रवर्तन समाविष्ट केले. तेवढ्या एका पदाने समीकरणाचा स्वभाव पालटला, आणि जे उष्णतेसारखे झिरपत होते ते आता तरंगासारखे धावू लागले. १८८४-८५ च्या सुमारास त्याने मॅक्सवेलची समीकरणे सदिशांच्या भाषेत नव्याने लिहिली. मॅक्सवेलच्या मांडणीत विभव-राशींना प्रमुख स्थान होते. हेविसाइडने त्यांना बाजूस सारून विद्युत् व चुंबकीय अशा दोन क्षेत्रांनाच नायकत्व दिले, आणि दोघांची समीकरणे एकमेकांच्या प्रतिबिंबासारखी मांडली. आज मॅक्सवेलची म्हणून जी चार समीकरणे शिकविली जातात त्यांचे हे रूप मुख्यत्वे हेविसाइडचे आहे. जर्मनीत हेन्रिख हर्ट्झने १८९० मध्ये तशीच मांडणी स्वतंत्रपणे केली आणि हेविसाइडचे अग्रस्थान मोकळेपणाने मान्य केले.

भाषाभ्यासकास अधिक रस वाटावा असे त्याचे कार्य म्हणजे शब्दनिर्मिती. ‘कंडक्टन्स’, ‘इंडक्टन्स’, ‘इंपीडन्स’, ‘ॲडमिटन्स’, ‘रिलक्टन्स’, ‘पर्मिॲबिलिटी’ हे आज सर्वतोमुखी असलेले शब्द १८८५ ते १८८८ या अल्प काळात त्याने प्रचारात आणले. त्यांपैकी ‘इंपीडन्स’ १८८६ मधील. हे शब्द सुटे सुटे सुचलेले नव्हते. विशिष्ट वस्तूच्या, म्हणजे अमुक तारेच्या किंवा अमुक वेटोळ्याच्या, गुणधर्मास ‘-अन्स’ हा प्रत्यय. आणि ज्या द्रव्याची ती वस्तू घडली त्याच्या गुणधर्मास ‘-इव्हिटी’ हा प्रत्यय, अशी त्याची योजना होती. ‘रेझिस्टन्स’ तारेचा, ‘रेझिस्टिव्हिटी’ तांब्याची. मराठीत रोध आणि रोधकता या जोडीने हाच भेद साधला आहे. प्रत्ययांच्या अशा नियमित व्यवस्थेचा लाभ असा की, एक शब्द कळला म्हणजे त्याच्या कुळातील दुसरा न सांगताही कळतो, आणि कुळात एखादी जागा रिकामी असेल तर ती डोळ्यांत भरते.

ही शब्दरचना निरुपद्रवी पांडित्य नव्हते, याचा प्रत्यय १८८७ मध्ये आला. दूरध्वनीच्या लांब तारांवर बोलणे अस्पष्ट का होते, हा त्या वेळचा ज्वलंत प्रश्न होता. तारेत एकंदर चार राशी असतात: रोध, प्रवर्तकता, धारणा आणि आवरणातून होणारी गळती. रोधाचे प्रवर्तकतेशी असलेले गुणोत्तर आणि गळतीचे धारणेशी असलेले गुणोत्तर जर समान केले, तर तरंग क्षीण होत जाईल पण त्याची आकृती मोडणार नाही, असे हेविसाइडने सिद्ध केले. प्रत्यक्षातील तारांत पहिले गुणोत्तर दुसऱ्याहून फार मोठे असते. म्हणून उपाय असा निघाला की, तारेची प्रवर्तकता वाढवावी.

ब्रिटिश टपाल-तार खात्यातील वजनदार अधिकारी विल्यम प्रीस याचे मत याच्या नेमके उलट होते. स्व-प्रवर्तन हा दूरध्वनीचा शत्रू होय, आणि तार किती अंतरापर्यंत बोलेल हे रोध व धारणा यांच्या गुणाकारावरच ठरते, असे तो मानी. अर्थात त्याची सारी विचारसरणी टॉमसनच्या दोन राशींच्या शब्दसंग्रहात बसणारी होती; तिसऱ्या राशीस तीत विघ्नावाचून दुसरे स्थान नव्हते. हेविसाइडचा भाऊ आर्थर त्याच खात्यात अभियंता होता. दोघा भावांनी मिळून लिहिलेल्या निबंधास प्रसिद्धीची परवानगी प्रीसने नाकारली. त्याच वर्षी ‘द इलेक्ट्रिशियन’ या साप्ताहिकाचे संपादक बदलले आणि हेविसाइडची तेथील लेखमालाही थांबली. तारेवर ठराविक अंतराने वेटोळी बसवून प्रवर्तकता वाढविण्याची युक्ती अखेर अमेरिकेत, १८९९-१९०० मध्ये, मायकेल प्युपिन आणि जॉर्ज कॅम्बेल यांच्या हातून व्यवहारात आली. पेटंट प्युपिनला मिळाले. हेविसाइडला १८९१ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व लाभले होते. पण या उपायाचा द्रव्यलाभ त्यास झाला नाही. १९२५ मध्ये टॉर्की येथे, बऱ्याच अंशी एकाकी अवस्थेत, त्याचे निधन झाले.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्याच काळातील त्याचे आणखी एक विवेचन महत्त्वाचे आहे. दोन समांतर तारांच्या दरम्यान धावणारा तरंग आणि मोकळ्या माध्यमातील प्रतल-तरंग यांचे गणित एकच आहे, हे त्याने स्पष्टपणे दाखविले. व्होल्टतेच्या जागी विद्युत्-क्षेत्र, प्रवाहाच्या जागी चुंबकीय क्षेत्र ठेवले की एकाचे सूत्र दुसऱ्यास लागू पडते. हे साम्य पूर्ण व्हावे म्हणून त्याने माध्यमास विद्युत्-वाहकतेबरोबर एक काल्पनिक चुंबकीय वाहकताही देऊन पाहिली. त्याच्या शब्दकुळातील ती रिकामी जागाच होती. शिवाय, तारेच्या शेवटी ठराविक मूल्याचा रोध जोडला तर आलेला तरंग जराही परत न फिरता त्यात पूर्णतः शोषला जातो, हेही त्याने सांगितले. तारेची भाषा अवकाशास लावण्यासाठी लागणारी बहुतेक सामग्री अशा रीतीने तयार होती.

४

असे असताना पुढील अर्धशतक का लागले? याची कारणे मला दोन दिसतात.

पहिले कारण असे की, विद्युत्-चुंबकीय तरंग प्रत्यक्ष हाती आले ते प्रकाशशास्त्राचा वेष घेऊन. हर्ट्झने १८८७-८८ मध्ये कार्ल्सरूह येथे ठिणगीच्या साहाय्याने असे तरंग निर्माण केले. जस्ताच्या पत्र्याचे अन्वस्ताकार आरसे, डांबरी राळेचा प्रचंड लोलक आणि समांतर तारांची जाळी वापरून त्याने या तरंगांचे परावर्तन, प्रणमन व ध्रुवण दाखविले. त्याचा उद्देश हे तरंग प्रकाशाचेच भाऊबंद आहेत हे सिद्ध करण्याचा होता. साहजिकच त्याची सारी परिभाषा किरण, आरसा, लोलक अशी राहिली. कलकत्त्यास प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस यांनी तरंगलांबी काही मिलिमीटरपर्यंत खाली आणून हेच प्रयोग मेजावर मावतील एवढ्या उपकरणांनी केले. मे १८९५ मध्ये त्यांनी एशियाटिक सोसायटीपुढे वाचलेला निबंध स्फटिकांनी होणाऱ्या विद्युत्-किरणांच्या ध्रुवणाविषयी होता. पानांमध्ये कथिलाचा वर्ख घातलेले रेल्वेच्या वेळापत्रकाचे जाडजूड पुस्तकही त्यांनी ध्रुवक म्हणून वापरले. तेथेही भाषा प्रकाशाचीच होती.

संरोध हा शब्द मात्र या काळात मंडलांच्या अभियंत्यांकडे वाढत होता. १८९३ मध्ये आर्थर केनेली आणि चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनी प्रत्यावर्ती प्रवाहाच्या मंडलांना सदसत् संख्यांचे गणित लावले. त्यामुळे संरोध ही मूल्य आणि कला दोन्ही सांगणारी एकच राशी बनली. वीजगृह, रोहित्र, चलित्र यांच्या आकडेमोडीत ती रुळली. म्हणजे एकाच वस्तुस्थितीसाठी दोन बोली निर्माण झाल्या. एक पक्ष प्रणमनांकाविषयी बोले, दुसरा संरोधाविषयी. आणि परस्परांचा अनुवाद करण्याची गरज कोणासच भासली नाही.

दुसरे कारण एककांचे. भौतिकीवेत्ते वापरीत असलेल्या गाउसच्या पद्धतीत विद्युत्-क्षेत्र आणि चुंबकीय क्षेत्र यांची परिमाणे सारखीच असतात, आणि निर्वातातील प्रतल-तरंगात त्यांचे गुणोत्तर बरोबर एक येते. जी राशी नेहमी एकच असते ती लेखनात दिसत नाही, आणि जी दिसत नाही तिला कोणी नाव देत नाही. व्याकरणकार ज्यास शून्य प्रत्यय म्हणतात त्यासारखीच ही स्थिती होती. फरक इतकाच की येथे तो प्रत्यय आहे हे सांगणारा पाणिनी अद्याप यावयाचा होता. जिओव्हानी जॉर्जी या इटालियन अभियंत्याने १९०१ मध्ये मीटर, किलोग्रॅम व सेकंद यांना विजेचे एक चौथे एकक जोडून नवी पद्धती सुचविली. आंतरराष्ट्रीय विद्युत्-तंत्र आयोगाने ती १९३५ मध्ये स्वीकारली. या पद्धतीत विद्युत्-क्षेत्र मीटरला व्होल्ट आणि चुंबकीय क्षेत्र मीटरला अँपियर असे मोजतात. एकास दुसऱ्याने भागले म्हणजे मीटर निघून जातो आणि व्होल्ट भागिले अँपियर, अर्थात ओहम, शिल्लक राहतो. लपलेला प्रत्यय लेखनात प्रकट झाला.

५

गरजही त्याच सुमारास उत्पन्न झाली. १९३६ मध्ये अमेरिकेत जॉर्ज साउथवर्थ व विल्मर बॅरो यांनी पोकळ धातूच्या नळीतून तरंग वाहून नेता येतात हे दाखविले. अशा नळीत जाण्याची एक आणि येण्याची दुसरी अशी तारांची जोडी नाही. तेव्हा व्होल्टता कोणत्या दोन बिंदूंमधील घ्यावी आणि प्रवाह कोठे मोजावा हे एकवाक्यतेने सांगता येत नाही. तारेच्या अभियंत्याचा शब्दसंग्रह येथे अपुरा पडला. आणि केवळ प्रकाशाच्या भाषेने त्याचे काम भागेना, कारण त्यास प्रेषक, नळी आणि ग्राहक यांची सांगड घालावयाची होती.

बेल प्रयोगशाळेतील सर्गेई शेल्कुनॉफ याने १९३८ मध्ये आपल्या दीर्घ निबंधात ही कोंडी फोडली. शेल्कुनॉफ जन्माने रशियन; क्रांतीनंतरच्या धामधुमीत मांचुरिया व जपान या मार्गाने तो अमेरिकेस पोहोचला होता. त्याचे प्रतिपादन थोडक्यात असे: संरोध हे तारेच्या जोडीचे वैशिष्ट्य नसून तरंगाचे आहे. कोणत्याही बिंदूपाशी, ठरविलेल्या दिशेने, परस्परांशी काटकोनात असलेल्या विद्युत् व चुंबकीय घटकांचे गुणोत्तर म्हणजे त्या दिशेचा संरोध. आणि प्रत्येक माध्यमास, त्यातून जाणाऱ्या प्रतल-तरंगावरून ठरणारा, एक अंगभूत संरोध असतो. परावर्तन, प्रणमन, धातूचे आच्छादन आणि शक्तीचे शोषण हे चार निरनिराळे विषय त्याने या एकाच संज्ञेखाली आणले.

या एकीकरणाचे मोल एका छोट्या गणितावरून कळते. निर्वाताचा अंगभूत संरोध ३७७ ओहम. काचेचा प्रणमनांक दीड धरला तर तिचा संरोध ३७७ भागिले दीड, म्हणजे सुमारे २५१ ओहम. दोन भिन्न संरोधांच्या तारा जोडल्या असता तरंगाचा किती अंश परत फिरतो, याचा तारेच्या अभियंत्यांचा नियम असा: दोहोंची वजाबाकी भागिले दोहोंची बेरीज. १२६ भागिले ६२८ म्हणजे सुमारे ०.२; शक्ती वर्गाच्या प्रमाणात असल्याने शेकडा ४. खिडकीच्या काचेच्या एका पृष्ठावरून सरळ पडलेल्या प्रकाशाचा जितका भाग परावर्तित होतो तो हाच; फ्रेनेलने १८२३ मध्ये ईथरच्या कल्पनेवरून काढलेल्या सूत्रानेही हेच उत्तर येते. दूरध्वनीच्या तारेचा नियम आणि खिडकीच्या काचेचा नियम एकच ठरला.

याच रीतीने पुढे जाता येते. दहा लाख हर्ट्झ कंप्रतेस तांब्याचा संरोध सुमारे ०.०००३७ ओहम, म्हणजे निर्वाताच्या सुमारे दहा लाखांश. म्हणून तांब्याचा पत्रा तरंगास जवळजवळ संपूर्ण परत फिरवितो, आणि जो अल्प अंश आत शिरतो तो मिलिमीटरच्या सुमारे पंधराव्या हिश्शातच बराचसा विरतो. दोन विषम तारांमध्ये, दोहोंच्या गुणाकाराच्या वर्गमुळाइतक्या संरोधाचा पाव तरंगलांबीचा तुकडा घातला तर परावर्तन टळते, हे अभियंते जाणत होते. येन येथील त्साइस कारखान्यात अलेक्झांडर स्माकुला याने १९३५ मध्ये भिंगांवर चढविलेला परावर्तनरोधक पातळ थर हे त्याच तत्त्वाचे प्रकाशातील रूप होय. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विनफिल्ड सॅलिसबरी याने धातूच्या पृष्ठापुढे पाव तरंगलांबीवर, दर चौरसास ३७७ ओहम रोध असलेला पडदा ठेवून रडारचा तरंग शोषून घेण्याची योजना केली. हेविसाइडने तारेच्या टोकास जोडलेला शोषक रोध येथे अवकाशाच्या टोकास जोडलेला दिसतो.

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. अवकाशाचा संरोध ही अलंकारिक भाषा नव्हे. शब्द तारेकडून उसना आला हे खरे; पण ज्या संबंधासाठी तो घडविला गेला होता तो संबंध तारेपेक्षा व्यापक निघाला. अवकाश शक्तीचा नाश करीत नाही, म्हणून त्याच्या संरोधास रोध समजणे चुकीचे ठरेल. ठराविक विद्युत्-क्षेत्राबरोबर चुंबकीय क्षेत्र किती असावयाचे, एवढेच तो सांगतो. २०१९ मध्ये एककांच्या व्याख्या बदलल्यापासून ही राशी व्याख्येने ठरलेली न राहता मोजून काढावयाची झाली आहे. तिचे मूल्य सुमारे ३७६.७३० ओहम आहे.

६

येथे एक आक्षेप संभवतो. प्रतल-तरंग ही मुळातच कल्पित वस्तू आहे. त्याचे अग्र अनंत विस्ताराचे असल्याने तो निर्माण करण्यास अनंत शक्ती लागेल. जे कोठेच नाही त्याच्या गुणोत्तरास नाव देऊन काय साधले?

भाषाविज्ञानास ही अडचण परिचित आहे. स्वनिम कोणी उच्चारीत नाही. उच्चारले जातात ते प्रत्यक्ष ध्वनी, आणि ते दर वेळी थोडे निराळे असतात. तरीही स्वनिमावाचून कोणत्याही भाषेचे वर्णन करता येत नाही. प्रतल-तरंगाचे स्थान याहूनही भक्कम आहे. कारण उद्गमापासून दूर अशा मोकळ्या प्रदेशातील कोणतेही क्षेत्र निरनिराळ्या दिशांनी जाणाऱ्या प्रतल-तरंगांची बेरीज म्हणून मांडता येते. शिवाय, उद्गम पुरेसा दूर असला म्हणजे तरंगाग्राची वक्रता मापनाच्या पलीकडे जाते. जुन्नर तालुक्यात नारायणगावाजवळ खोडद येथे उभारलेली महाकाय रेडिओ-दुर्बीण याचे उत्तम उदाहरण आहे. तिच्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत विखुरलेल्या आहेत. दूरच्या दीर्घिकेकडून आलेला तरंग या साऱ्या टापूपुरता प्रतल-तरंगच असतो. तो एका तबकडीस आधी आणि दुसरीस नंतर भेटतो. हे अंतर जास्तीत जास्त सेकंदाच्या सुमारे ८३ दशलक्षांश इतके असते, आणि अशा विलंबांच्या अचूक हिशेबावरच त्या दुर्बिणीचे सारे काम चालते.

या इतिहासातून संज्ञा घडविणाऱ्यांनी आणि ती शिकविणाऱ्यांनी घ्यावयाचा बोध असा. हेविसाइडचे शब्द टिकले ते सुबोध किंवा श्रुतिमधुर होते म्हणून नव्हे. ते एका कुळात जन्मले होते म्हणून. मराठी परिभाषेत रोध, रोधकता, संरोध ही एका धातूची कुळी उपलब्ध असताना प्रत्येक इंग्रजी शब्दास सुटा प्रतिशब्द शोधणे, किंवा उलट इंग्रजी शब्द जसेच्या तसे घेऊन त्यांच्या प्रत्ययांतील भेदाकडे दुर्लक्ष करणे, या दोन्ही मार्गांनी विद्यार्थ्यास शब्द मिळतो पण शब्दांमधील नाते मिळत नाही. आणि प्रीसच्या उदाहरणावरून दिसते त्याप्रमाणे, ज्या राशीस आपल्या शब्दसंग्रहात स्थान नाही ती समोर असूनही मनुष्यास विघ्नच वाटते. प्रतल-तरंग शिकविताना ३७७ या संख्येबरोबर तिच्या पुढच्या ‘ओहम’ या शब्दाचाही इतिहास सांगितला, तर विद्यार्थी सूत्र विसरला तरी ते पुन्हा काढू शकेल. त्यास एवढेच आठवावे लागेल की, तार आणि अवकाश यांच्यासाठी निसर्गाने दोन निरनिराळी व्याकरणे केलेली नाहीत.